अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन: शूटर गेममध्ये ही दोन सेटिंग्ज एक समजू नका

नवा शूटर गेम घेतला, ग्राफिक्सच्या मेन्यूत 'डीएलएसएस' (ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाची वेग वाढवणारी तंत्रे) या नावाखाली जे जे दिसले ते सारे चालू केले, कोपऱ्यातला एफपीएसचा (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा, म्हणजे फ्रेम्सचा) आकडा ७० वरून १३० च्या आसपास गेला, आणि तरीही बंदूक वळवताना हात जड वाटतो, समोरासमोरच्या चकमकीत गोळी उशिरा सुटल्यासारखी वाटते. बॅटलफील्ड ६ हा शूटर गेम ऑक्टोबर २०२५ मध्ये आल्यापासून ही तक्रार सतत कानावर येते. तिच्यावर मिळणारी उत्तरेही ठरलेली असतात: कोणी मॉनिटर बदलायला सांगतो, कोणी इंटरनेट तपासायला, आणि कोणी ठासून सांगतो की डीएलएसएस म्हणजे निव्वळ खोट्या फ्रेम्स आहेत, ते सगळेच बंद करा. हे शेवटचे उत्तर अर्धे बरोबर आहे, आणि अर्धे बरोबर असल्यामुळेच ते सर्वांत जास्त नुकसान करते, कारण ते ऐकणारा माणूस त्रासदायक सेटिंगबरोबर (फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन फ्रेम्सच्या मधे जादा चित्र बनवणे) उपयोगी सेटिंगही (अपस्केलिंग, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठे करणे) बंद करून बसतो.

गोंधळाचे मूळ कंपन्यांच्या पाट्यांमध्ये आहे. एनव्हिडियाने २०१८ मध्ये आरटीएक्स २० मालिकेच्या कार्डांबरोबर डीएलएसएस जाहीर केले तेव्हा त्यात फक्त अपस्केलिंग होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ते बॅटलफील्ड ५ मध्ये आले तेही तेवढेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४० मालिकेबरोबर डीएलएसएस ३ आले आणि त्याच नावाखाली फ्रेम जनरेशन हे सर्वस्वी वेगळे तंत्र दाखल झाले. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने २०२१ मध्ये अपस्केलिंगपुरते आणलेले एफएसआर हे नाव २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत फ्रेम जनरेशनलाही दिले, आणि इंटेलनेही आपल्या एक्सईएसएस २ मध्ये हाच मार्ग धरला. तिन्ही कंपन्यांनी परस्परविरुद्ध परिणाम करणारी दोन तंत्रे एकाच पाटीखाली विकायला ठेवली, तर ग्राहकाची दिशाभूल होणारच.

अपस्केलिंग बहुतेकांच्या परिचयाचे आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ग्राफिक्स कार्ड चित्र कमी रिझोल्यूशनवर, म्हणजे कमी पिक्सेलांत (ठिपक्यांत), काढते, आणि आधीच्या फ्रेम्समधली माहिती व वस्तूंच्या हालचालीची दिशा वापरून ते मॉनिटरच्या पूर्ण रिझोल्यूशनचे केले जाते. क्वालिटी मोडमध्ये मूळ चित्राची लांबी आणि रुंदी दोन-तृतीयांश असते, परफॉर्मन्समध्ये निम्मी. १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेलांच्या) मॉनिटरवर क्वालिटी निवडल्यास मूळ चित्र १२८० बाय ७२० चे असते, आणि परफॉर्मन्स निवडल्यास अवघे ९६० बाय ५४० चे. १०८०पी वर परफॉर्मन्स मोड लावू नये, हे माझे ठाम मत आहे. दूरच्या गच्चीवरचा शत्रू मुळातच काही मोजक्या पिक्सेलांचा असतो. त्यांतले तीन-चतुर्थांश काढून टाकल्यावर कितीही हुशार गणित त्याला पुरता परत आणू शकत नाही. ४के वर मात्र तोच मोड १९२० बाय १०८० पासून सुरुवात करतो, आणि तिथे त्याला माझी हरकत नाही.

आता ज्या फरकावर बहुसंख्य लोक अडखळतात त्याकडे वळू. गेमची एक खरी फ्रेम तयार होताना आधी माउस आणि कीबोर्ड वाचले जातात. मग सीपीयू (संगणकाचा मुख्य प्रोसेसर) त्यानुसार गेमची स्थिती पुढे सरकवतो, म्हणजे तुम्ही किती वळलात, गोळी सुटली का, कोण कुठे उभा आहे हे ठरते. आणि शेवटी जीपीयू (ग्राफिक्स कार्डाचा प्रोसेसर) त्या स्थितीचे चित्र काढतो. अपस्केलिंगमुळे यातला शेवटचा टप्पा हलका होतो. चित्र लवकर तयार होते, म्हणून पुढची फ्रेम लवकर सुरू होते, म्हणून माउस अधिक वेळा वाचला जातो. ६० एफपीएसवर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद लागतात, ९० एफपीएसवर ११.१. हा वाचलेला वेळ हाताला प्रत्यक्ष जाणवतो. अपस्केल केलेल्या फ्रेममधले काही पिक्सेल अनुमानाने भरलेले असतात हे खरे, पण तिच्यात दिसणारा क्षण गेमने खरोखर मोजलेला असतो. म्हणून अशा फ्रेमला खोटी म्हणणे चुकीचे आहे, आणि ते ऐकून अपस्केलिंग बंद करणारा खेळाडू स्वतःच्याच हाताने विलंब वाढवून घेतो.

फ्रेम जनरेशनमध्ये यांतले काहीच होत नाही. कार्ड एक खरी फ्रेम काढते, दुसरी खरी फ्रेम काढते, आणि त्या दोघींच्या मधे बसेल असे तिसरे चित्र बनवते. त्या मधल्या चित्रासाठी माउस वाचला जात नाही, गेमची स्थिती पुढे सरकत नाही, गोळी लागली की नाही याचा निर्णय होत नाही. आणि मधले चित्र बनवायचे तर पुढची खरी फ्रेम आधी हाती असावी लागते. ती तयार होते, पण लगेच पडद्यावर जात नाही. आधी मधले चित्र दाखवले जाते आणि मग तिचा क्रम येतो. कोपऱ्याआडून शत्रू बाहेर पडला, तर तो ज्या खऱ्या फ्रेममध्ये प्रथम स्पष्ट दिसतो ती फ्रेम कार्डाच्या स्मृतीत तयार असूनही थांबवून ठेवलेली असते. सगळी तक्रार या थांबण्यातून जन्मते.

हे थांबणे किती, तेही मोजता येते. समजा गेम मुळात ६० एफपीएसवर चालतो आणि फ्रेम जनरेशनने आकडा दुप्पट होतो. पडद्यावर दर ८.३ मिलिसेकंदांनी एक चित्र यावे यासाठी खऱ्या फ्रेमला किमान ८.३ मिलिसेकंद, म्हणजे निम्म्या फ्रेमइतके, थांबावे लागते. मधले चित्र बनवायला लागणारा वेळ त्याहून वेगळा. आरटीएक्स ५० मालिकेतल्या चारपट मोडमध्ये दोन खऱ्या फ्रेम्समध्ये तीन बनवलेल्या येतात, आणि मग हे थांबणे पाऊण फ्रेमइतके, सुमारे १२.५ मिलिसेकंदांचे होते. मूळ वेग ४० असेल तर एक फ्रेमच २५ मिलिसेकंदांची, आणि थांबणे त्या प्रमाणात लांबते. शिवाय मधली चित्रे बनवण्याचे काम तेच कार्ड करते, त्यामुळे बहुतेक वेळा मूळ वेग थोडा खाली येतो. पडद्यावर १२० च्या जवळपासचा आकडा दिसत असताना हाताला मात्र साठाहून कमी एफपीएसचा आणि वर निम्म्या फ्रेमने उशिराचा गेम मिळत असतो. डोळ्यांना हालचाल गुळगुळीत दिसते आणि हाताला जड लागते, ती अशी.

यावरून एक विचित्र वाटणारा निष्कर्ष निघतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो: ज्याचे कार्ड कमकुवत आहे त्याला फ्रेम जनरेशनची गरज सर्वांत जास्त भासते आणि त्यालाच त्याचा उपयोग सर्वांत कमी होतो. मूळ वेग १०० च्या पुढे असेल तर निम्म्या फ्रेमचे थांबणे पाच मिलिसेकंदांच्या आत राहते आणि ते सहज खपून जाते. एएमडीनेही आपल्या फ्रेम जनरेशनसाठी मूळ वेग निदान ६० एफपीएस असावा असा सल्ला दिलेला आहे. तरीही ३५ एफपीएसवर अडखळणाऱ्या लॅपटॉपला 'फ्रेम जनरेशन लाव, ७० मिळतील' असा सल्ला देणारे रोज भेटतात. तो सल्ला देऊ नका.

जाहिरातींनी या गोंधळात भर घातली आहे. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे कार्ड आधीच्या मालिकेतल्या सर्वांत वरच्या ४०९० इतकी कामगिरी देईल असे मंचावरून सांगितले. ती तुलना चारपट फ्रेम जनरेशन धरून केलेली होती. बनवलेल्या फ्रेम्स आणि खऱ्या फ्रेम्स एकाच आलेखात शेजारी शेजारी मांडणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, आणि असा आलेख पाहून शूटरसाठी कार्ड निवडू नये.

दुसरा फरक सीपीयूचा आहे. बॅटलफील्ड ६ च्या ६४ खेळाडूंच्या सामन्यात इमारती कोसळत असतात आणि सीपीयूवर मोठा भार येतो. वेग सीपीयूमुळे अडला असेल तर अपस्केलिंगने काहीच वाढत नाही. क्वालिटीवरून परफॉर्मन्सवर जाऊन पाहा; आकडा जागचा हलला नाही तर अडथळा सीपीयूचा आहे, आणि अशा वेळी क्वालिटीवर परत यावे, कारण चित्र खराब करून हाती काहीच लागत नाही. फ्रेम जनरेशन मात्र अशा स्थितीतही आकडा वाढवते, म्हणूनच ते जादूसारखे भासते. सीपीयूवरचा भार त्याने कमी झालेला नसतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. डीएलएसएसचे अपस्केलिंग सर्व आरटीएक्स कार्डांवर चालते, म्हणजे या गेमला किमान लागणाऱ्या आरटीएक्स २०६० वरही. एनव्हिडियाचे फ्रेम जनरेशन ४० मालिकेपासून पुढे, आणि चारपट मोड फक्त ५० मालिकेवर. एफएसआर ३ चे फ्रेम जनरेशन इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालते. रिफ्लेक्स हे तिसरेच तंत्र आहे: सीपीयू आणि जीपीयू यांच्यामधली फ्रेम्सची रांग ते छोटी करते. डीएलएसएस फ्रेम जनरेशनबरोबर ते लागतेच, म्हणून 'फ्रेम जनरेशन लावल्यावर विलंब कमी झाला' असे कोणी सांगितले, तर त्याने आधी रिफ्लेक्स बंद ठेवले होते असे खुशाल समजावे. रिफ्लेक्स चालू आणि फ्रेम जनरेशन बंद, हीच योग्य तुलना आहे.

माझा क्रम असा आहे. बॅटलफील्ड ६ ला सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सेटिंग) लागते, ते आधी उरकावे. विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा) खरोखर १४४ किंवा १६५ वर आहे का ते पाहावे. तो ६० वरच राहिलेला पुष्कळदा आढळतो. गेममध्ये रिझोल्यूशन मॉनिटरचेच ठेवावे आणि मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक ॲबरेशन ही तिन्ही विनाचर्चा बंद करावीत, कारण लक्ष्य धूसर करणाऱ्या सेटिंगला शूटरमध्ये जागा नाही. फ्रेम जनरेशन बंद आणि रिफ्लेक्स चालू ठेवून मग सावल्या, इफेक्ट्स वगैरे खाली आणावेत. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) कार्डाच्या व्हीरॅमनुसार (कार्डावरच्या स्मृतीनुसार) ठरवावे, कारण त्याची जागा अपस्केलिंगने फारशी वाचत नाही. एवढ्याने वेग पुरला नाही तर क्वालिटी मोडचे अपस्केलिंग लावावे. मल्टिप्लेअरसाठी इथे थांबावे. गेमच्या मेन्यूत नसलेले काही ड्रायव्हरमधून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) लादू नये: ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीचे विलंब कमी करणारे अँटी-लॅग प्लस ड्रायव्हरमधून चालू केल्यामुळे काउंटर-स्ट्राइक २ च्या खेळाडूंवर बंदी येऊ लागली आणि एएमडीला ती सोय मागे घ्यावी लागली.

फ्रेम जनरेशनला माझा सरसकट विरोध नाही. बॅटलफील्ड ६ च्या एकट्याने खेळायच्या कॅम्पेनमध्ये, मूळ वेग ७०-८० च्या वर असताना आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा असताना, दुप्पट मोड चित्र खरोखर देखणे करतो, आणि तिथे आठ-दहा मिलिसेकंदांनी कोणाचे काही बिघडत नाही. फक्त आठ जीबीच्या कार्डावर ते लावण्यापूर्वी टेक्स्चर एक पायरी खाली आणावे, कारण मधली चित्रे बनवायलाही व्हीरॅम लागते आणि ती संपली की खऱ्या फ्रेम्सच अडखळू लागतात.