चिखलात चेनला कोणतं तेल घालायचं?

चिखलातून फिरून आलेल्या सायकलच्या चेनवर राखाडी लेप चढलेला असतो आणि पेडल मारताना कर्रकर्र आवाज येत असतो. अशा वेळी हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो. पण चेन झिजते ती त्या लेपाखाली, पिना आणि रोलर यांच्या मधल्या फटींत, जिथे नजर पोचत नाही. कोणतं तेल घ्यायचं, किती घालायचं आणि कुठलं पुसून टाकायचं, हे सगळं या फटींवरून ठरतं. म्हणून आधी तिथे काय चालतं ते पाहू.

आज सायकलला असते ती रोलर चेन मूळची हान्स रेनॉल्ड या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याची. मँचेस्टरमध्ये 1880 साली त्याने ती काढली आणि तिची मूळ रचना फारशी बदललेली नाही: दोन बाजूंना पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन आणि पिनेभोवती फिरणारा रोलर. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. चेनव्हीलवर, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चाकावर, चढताना प्रत्येक सांधा दुमडतो आणि उतरताना सरळ होतो. मागच्या चक्रावर पुन्हा तेच. गियरची सायकल असेल तर डिरेल्युअरच्या, म्हणजे गियर बदलणाऱ्या यंत्रणेच्या, दोन छोट्या चाकांवर आणखी चार वेळा. आता हिशेब करा. 32 दात्यांचं चेनव्हील मिनिटाला 75 वेळा फिरलं तर त्यावरून 2400 सांधे जातात. चेनमध्ये 114 सांधे धरले तर तिच्या मिनिटाला 21 फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक सांधा तासाभरात दहा हजारांहून जास्त वेळा हलला. त्यातल्या पाव हालचाली पायाचा सगळा जोर अंगावर घेऊन.

ही हालचालही वंगणाच्या दृष्टीने अडचणीची. इंजिनातला दांडा वेगाने फिरतो तेव्हा तो तेलाला स्वतःच आपल्याखाली ओढून घेतो आणि तेलाच्या थरावर तरंगत राहतो. धातूला धातू जवळजवळ लागतच नाही. चेनचा सांधा मात्र थोडासा वळतो आणि थांबतो. 12 दात्यांच्या चक्रावर 30 अंश, 48 दात्यांच्या चेनव्हीलवर साडेसात अंश, बस. एवढ्याशा हालचालीत तेलाचा जाड थर तयार व्हायला वावच मिळत नाही. इथे उपयोगी पडतं ते धातूला घट्ट चिकटून राहणारं तेल. दुसरी गोष्ट दाबाची. पिनेखालच्या इवल्याशा जागेवर प्रचंड दाब येतो. दाबाखाली तेल पुष्कळ दाट होतं आणि म्हणून जागा धरून राहतं. पाणी मुळात पातळ, आणि दाब वाढला तरी पातळच. एकदा पाण्याने तेल हुसकावून लावलं की पोलादावर पोलाद घासतं आणि सायकल उभी राहिली की गंज चढायला लागतो.

हे झालं निव्वळ पाण्याचं. चिखल त्याहून वाईट, पण चिखलातलं सगळंच सारखं वाईट नसतं. माती म्हणजे चिकणमाती, पोयटा आणि वाळू यांचं मिश्रण. चिकणमातीचे कण 2 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात आणि त्यातली बरीचशी खनिजं पोलादापेक्षा खूपच मऊ. ती चिकटते, गियर तुंबवते, चेनला चेनव्हीलवरून सुटू देत नाही आणि चेन वर ओढली जाऊन फ्रेममध्ये अडकते. पण धातू खाण्यात तिचा वाटा कमी. धातू खातात ते पोयट्यातले आणि बारीक वाळूतले क्वार्ट्झचे कण. मोहस् यांच्या काठिन्यश्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक 7 आहे, आणि लोखंड घासायची पोलादी कानस येते साधारण 6.5 वर. म्हणजे हा कण कानशीपेक्षाही कठीण. असे कण तेलात मिसळून पिनेपर्यंत पोचले की मेकॅनिक इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवताना जी ग्राइंडिंग पेस्ट वापरतात, तीच आपण चेनमध्ये भरून फिरतो आहोत असं समजा. तेल जितकं जास्त तितकी ही पेस्ट जास्त. चेनची निगा राखणाऱ्या प्रत्येकाने हे मनात पक्कं बसवावं असं मला फार वाटतं, कारण चेन वाळू नये म्हणून सढळ हाताने तेल ओतणारे काळजीपोटीच तिचं आयुष्य कमी करत असतात.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांनी चेनमध्ये किती ऊर्जा वाया जाते ते मोजलं होतं. 1999 साली त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. उत्तम स्थितीत चेनची कार्यक्षमता 98.6 टक्क्यांपर्यंत गेली. त्याहून लक्षात राहणारी गोष्ट अशी की प्रयोगशाळेतल्या स्वच्छ चेनवर वंगण बदलल्याने कार्यक्षमतेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो चेनच्या ताणाने आणि चक्राच्या आकाराने. मग वंगणाचं काम काय? स्पायसर यांचा निष्कर्ष असा की सांध्यातली रिकामी जागा अडवून धरायची, म्हणजे तिथे धूळमाती शिरणार नाही. प्रयोगशाळेत चिखल नव्हता, त्यामुळे घर्षणाबद्दलचा हा निकाल ओल्या रस्त्यावर जसाच्या तसा लावता येणार नाही. पण जागा अडवून धरण्याचं तत्त्व चिखलातच सगळ्यात जास्त लागू पडतं.

बाजारात चेनची वंगणं ढोबळमानाने दोन प्रकारची मिळतात: ड्राय ल्यूब आणि वेट ल्यूब. ड्राय ल्यूबमध्ये मेण किंवा तत्सम पदार्थ एखाद्या उडून जाणाऱ्या द्रवात मिसळलेला असतो. द्रव उडाला की चेनवर कोरडा थर उरतो. त्याला धूळ कमी चिकटते, म्हणून कोरड्या, धुळीच्या वाटेवर ते छान चालतं. भर पावसात मात्र हा पातळ थर लवकर निघून जातो आणि अर्ध्या वाटेतच चेन कुरकुरायला लागते. वेट ल्यूब म्हणजे दाट तेल. त्याला धागा सुटावा, ते पृष्ठभागाला धरून राहावं म्हणून त्यात चिकटपणा आणणारे घटक घातलेले असतात. पाणी ते सहजी धुऊन नेऊ शकत नाही. चिखलाच्या आणि पावसाच्या दिवसांत मी निःशंकपणे वेट ल्यूबच घ्यायला सांगेन. मातीही त्याला तेवढीच चिकटते हे त्याचं मोल, आणि ते पुसण्याच्या मेहनतीत चुकवावं लागतं.

चेन काढून वितळलेल्या मेणात बुडवणारे लोकही आहेत. पॅराफिन मेण साधारण 50 ते 70 अंश सेल्सियसला वितळतं, सांध्यांत शिरतं आणि थंड झाल्यावर आतच घट्ट बसतं. कोरड्या दिवसांत याच्याइतकी स्वच्छ चेन दुसरी नाही. पण सांधा हलला की मेणाला चिरा पडतात आणि तेलासारखं वाहून ते त्या भरून काढू शकत नाही. त्यामुळे ओल्या फेरीनंतर चेन लगेच कोरडी करून पुन्हा मेणात बुडवावी लागते. ज्यांना हे दरवेळी जमतं त्यांनी जरूर करावं. मेणाच्या चेनवर घाईघाईत वेट ल्यूब ओतणं मात्र टाळा. मेणामुळे तेल धातूपर्यंत नीट पोचत नाही आणि वर नुसता चिकटा होतो.

घरातल्या इतर तेलांबद्दल नेहमी विचारलं जातं. इंजिन ऑइल चालतं, पण माती खूप गोळा करतं. लाकूड कापायच्या चेनसॉचं तेल चिकट असल्याने पाण्यात बऱ्यापैकी टिकतं. खाद्यतेल नको, ते हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू घट्ट होऊन सांधे चिकटवतं. डब्ल्यूडी-40 चा मूळ फवारा पाणी हटवण्यासाठी बनवलेला आहे. त्याच्या नावातली पहिली दोन अक्षरंच पाणी विस्थापित करण्याबद्दलची आहेत. भिजलेल्या चेनमधलं पाणी काढायला तो कामाला येतो, पण त्यातलं तेल इतकं हलकं की चिखलात टिकायचं नाही. नंतर खरं वंगण घालावंच लागतं.

आता तेल घालण्याची रीत. चेन स्वच्छ आणि पूर्ण कोरडी हवी, कारण फटीत पाणी बसलेलं असेल तर तेलाला आत जागा मिळत नाही. चेनचा खालचा पट्टा समोर घ्या आणि त्याची वरची बाजू, म्हणजे दात्यांना भिडणारी आतली बाजू, बघा. प्रत्येक रोलरवर एकच थेंब टेकवा. थेंब रोलरच्या दोन्ही टोकांना पसरतो आणि पट्ट्यांच्या मधल्या बारीक फटीशी येऊन थबकतो. मग केशाकर्षणाने हळूहळू आत ओढला जातो. पातळ तेल पटकन शिरतं, वेट ल्यूब रेंगाळतं, म्हणून पेडल मिनिटभर उलटं फिरवा आणि सायकल काही तास, जमल्यास रात्रभर, तशीच राहू द्या. थंडीत बाटली आधी कोमट पाण्यात धरली तर तेल सैल होऊन लवकर आत जातं. जोडाची कडी वेगळ्या रंगाची असेल तर तिथून सुरुवात करा, म्हणजे फेरी कुठे पूर्ण झाली ते कळतं.

त्यानंतरचं काम बहुतेक जण वगळतात, आणि तेच सगळ्यात मोलाचं. कोरडी चिंधी चेनभोवती मुठीत धरा आणि पेडल उलटं फिरवत चेन पुसा. चिंधीची जागा बदलत राहा. बोट लावल्यावर पट्टीवर तेलाचा पुसटसा ओलावा जाणवावा, बोटाला थेंब लागू नये. पट्ट्यांच्या बाहेरचं तेल गंज रोखण्यापलीकडे काही करत नाही, आणि त्याला पुसटसा थर पुरतो. आतलं तेल चिंधीने निघत नाही, तेव्हा जोर लावून पुसायला घाबरू नका.

डिस्क ब्रेक असेल तर तेल घालताना आणि पुसताना डिस्कवर एकही थेंब जाऊ देऊ नका. ब्रेकचे पॅड तेल शोषून घेतात, मग ब्रेक लागत नाही, आणि पॅड बदलल्याशिवाय बहुतेकदा गत्यंतर नसतं. रिम ब्रेक असलेल्यांनी रिमची अशीच काळजी घ्यावी. फवाऱ्याचं वंगण म्हणूनच चेनसाठी मला पसंत नाही.

चिखलातून आल्यावर चेन वाळू देऊ नका. माती ओली आहे तोवर ती साध्या पाण्याने आणि ब्रशने सुटते. पाणी हळू सोडा. प्रेशर वॉशरचा झोत माती आणि पाणी सांध्यांत आणि हबच्या बेअरिंगमध्ये ढकलतो. तेलात कालवलेली काळी घाण पाण्याने जात नाही, त्यासाठी डिग्रीसर किंवा थोडं रॉकेल ब्रशला लावा, आगीपासून दूर, मोकळ्या हवेत. मग साबणाच्या पाण्याने धुवा, स्वच्छ पाण्याने खळबळा, चिंधीने टिपा आणि वाळवा. डिग्रीसर आत राहिला तर नवं तेलही तो पातळ करून टाकतो. मागचं काळं पाणी मातीत किंवा नाल्यात न सोडता चिंध्यांत आणि भुश्यात टिपून घ्या. दरवेळी इतकं सगळं करायला वेळ नसेल तर निदान चेन पुसून कोरडी करा आणि थोडं तेल देऊन पुन्हा पुसा. गंज तरी टळेल.

या सगळ्याचा उपयोग झाला का, ते मोजपट्टी सांगते. चेन ताणून धरून 24 सांध्यांचं अंतर पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नव्या चेनमध्ये ते 304.8 मिलिमीटर भरतं. पट्ट्या लांबत नाहीत, पिना आणि त्यांची भोकं झिजतात आणि ती झीज लांबी म्हणून दिसते. अंतर दीड मिलिमीटरने, म्हणजे अर्ध्या टक्क्याने वाढलं की मागे 11 किंवा 12 चक्रं असलेल्या सायकलची चेन बदलण्याची वेळ आली. मागे कमी चक्रं असलेल्या सायकलच्या रुंद चेनला साधारण सव्वादोन मिलिमीटरपर्यंत सवलत देता येते. त्यापुढे तीच चेन चालवली तर तिच्यासोबत कॅसेटचे, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचाचे, दातेही झिजतात, आणि मग नवी चेन जुन्या दात्यांवरून घसरते.