इन द बॉडी ऑफ द वर्ल्ड (एकपात्री प्रयोग)

अमेरिकन नाटककार ईव्ह एन्सलर, ज्या आता फक्त 'व्ही' एवढंच नाव लावतात, त्यांनी स्वतः लिहिलेला आणि स्वतःच केलेला हा एकपात्री प्रयोग. आधी याच नावाचं आत्मकथन 2013 मधे आलं, मग 2016 ला केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या अमेरिकन रेपर्टरी थिएटरमधे पहिल्यांदा प्रयोग झाला आणि 2018 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कला मॅनहटन थिएटर क्लबने तो केला. दिग्दर्शन डायान पॉलस यांचं.

व्ही आपल्याकडे माहीत आहेत त्या 'द व्हजायना मोनोलॉग्ज'मुळे, म्हणजे मराठीत वंदना खरे यांनी 'योनीच्या मनीच्या गुजगोष्टी' म्हणून आणलं ते नाटक. 1996 ला सुरुवातीला तेही त्या एकट्याच करायच्या, पण तिथे गोष्टी इतर बायकांच्या होत्या, शेकडो जणींशी बोलून जमवलेल्या. इथे मात्र गोष्ट स्वतःच्या शरीराची. लहानपणी वडिलांनीच लैंगिक अत्याचार केले, तेव्हापासून आपण आपल्या शरीरात राहतच नव्हतो असं त्या सांगतात, आणि मला वाटतं अख्खा प्रयोग या एका वाक्यावर उभा आहे, कारण जे शरीर सोडून दिलं होतं त्यात परत यायला त्यांना कॅन्सर व्हावा लागला.

2010 मधे गर्भाशयाचा कॅन्सर निघाला, तोही बराच पसरलेला. तेव्हा त्या काँगोमधल्या बुकावू शहरात बलात्कारातून वाचलेल्या बायकांसाठी 'सिटी ऑफ जॉय' हे केंद्र उभं करायच्या धावपळीत होत्या. तिथल्या पांझी हॉस्पिटलचे डॉ. डेनिस मुक्वेगे (2018 च्या शांतता नोबेलचे एक मानकरी) ज्या बायकांची ऑपरेशनं करतात त्यातल्या कितीतरी जणींना फिस्टुला झालेला असतो, म्हणजे योनी आणि मूत्राशय किंवा योनी आणि आतडं यांच्यामधला पडदा फाटून भोक पडतं आणि लघवी नाहीतर शी सतत गळत राहते, वास येतो म्हणून घरचेही दूर करतात. व्हींचं ऑपरेशन झालं तेव्हा कळलं की गाठीने त्यांच्या आतही असंच भोक पाडलंय. ज्यांच्यासाठी ही बाई वर्षानुवर्षं बोलत होती त्यांचीच जखम तिच्या पोटात निघाली. कल्पनेतून रचून लिहिलं असतं तर कोणी म्हणालं असतं की फारच जुळवून आणलंय, पण हे खरं घडलंय आणि ज्या शरीरात घडलं तेच समोर उभं राहून सांगतंय, म्हणून हा प्रयोग दुसऱ्या नटीला देऊन तसाच होईल असं मला वाटत नाही.

आजारपणाचं वर्णन अजिबात साफसूफ केलेलं नाही. शी गोळा करायला पोटावर लावलेली पिशवी, इन्फेक्शन, केमोने होणारे हाल, सगळं येतं. त्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटून तेल पसरत होतं, ते आणि स्वतःच्या पोटात साठलेला पू त्या शेजारी शेजारी ठेवतात. ही तुलना कुणाला ताणलेली वाटू शकते, मला ती पटते, कारण बाईचं शरीर आणि जमीन दोन्ही सारख्याच बेफिकिरीने ओरबाडली जातात हे त्यांना मनापासून म्हणायचंय.

सगळ्यात जवळून दिसतं ते हॉस्पिटलच्या खिडकीतलं झाड. आधी त्यांना त्याचा रागच येतो, समोर दुसरं काहीच दिसत नाही म्हणून. ताकद नसते, पुस्तकही वाचता येत नाही, मग बघणार काय, तेच झाड. एका दिवशी नुसती साल बघायची, एका दिवशी संध्याकाळच्या उन्हातली पानं, असं करत करत शेवटी त्याला पांढरी फुलं येतात. प्रयोगाच्या अखेरीस स्टेजची मागची बाजू उघडते आणि तिथे हिरवीगार बाग असते, प्रेक्षकांनी वर येऊन त्यात फिरायचं.

सिटी ऑफ जॉय 2011 च्या फेब्रुवारीत उघडलं, व्ही तेव्हा तिथे होत्या.