निनावी की गोपनीय? संमतिपत्रातली दोन वेगळी वचनं

मानसशास्त्राच्या चौथ्या वर्षाला 'ऑनर्स विथ रिसर्च' घेतलेल्या मुलांची संमतिपत्रं चाळली, तर एक वाक्य हमखास भेटतं: 'आपली माहिती निनावी व गोपनीय ठेवली जाईल.' कुणाच्या तरी फाइलीतून उचललेलं असतं आणि गाईडही घाईत सही करून मोकळे होतात. पण ही दोन निरनिराळी वचनं आहेत, आणि एकाच उत्तराबद्दल दोन्ही एकदम पाळता येत नाहीत.

उत्तर कुणाचं, हे खुद्द संशोधकालाही कळत नसेल आणि मागाहून शोधू म्हटलं तरी सापडणार नसेल, तर ते निनावी. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण बाहेर जाऊ देणार नाही, असं असेल तर गोपनीय. त्यामुळे समोरासमोर घेतलेली मुलाखत निनावी असूच शकत नाही. एखाद्या बाईच्या ओसरीवर बसून तासभर रेकॉर्डिंग केलंत, मग प्रबंधात तिला 'सहभागी ४' म्हणा नाहीतर आणखी काही. ती कोण हे तुम्हाला माहीत आहेच. गटचर्चेत तर तुमच्या एकट्याच्या गोपनीयतेलाही फारसा अर्थ उरत नाही, कारण ऐकणारे आणखी सात-आठ जण असतात. तेवढं संमतिपत्रात सरळ लिहावं.

सर्व्हेच्या बाबतीत मुलं म्हणतात, 'आम्ही नाव विचारलंच नाही, म्हणजे निनावी.' गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय चालू राहिली असेल, तर तिथेच निकाल लागला. ती बंद केली तरी प्रत्येक उत्तरापुढे वेळ नोंदली जाते. तुम्ही रात्री सव्वादहाला फक्त एका मैत्रिणीला लिंक पाठवली आणि दहा वाजून वीस मिनिटांनी एक उत्तर आलं, तर ते कुणाचं हे सांगायला ज्योतिषी नको. लिंक गटात टाकावी आणि विश्लेषणाआधी वेळेचा रकाना काढून टाकावा. शिवाय सुरुवातीला आपण सवयीनं कॉलेज, वर्ष, वय, लिंग, तालुका विचारतो. मानसशास्त्राच्या टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मुलगे तीनच असतील आणि त्यातला एकच काणकोणचा असेल, तर त्याचं नाव विचारायचं बाकी काय राहिलं? अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० साली अमेरिकेच्या जनगणनेवरून हेच दाखवलं होतं: पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर तिथली सुमारे ८७ टक्के माणसं ओळखता येण्याची शक्यता होती. आपल्या गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास. इथे पोदेराला, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याला, कळलं की वाड्याला कळलं. जो प्रश्न विश्लेषणात वापरणार नाही तो विचारूच नये, हे माझं ठाम मत.

मुलाखतींच्या प्रबंधात खरी पंचाईत होते. हे काल्पनिक वाक्य पाहा: 'पेडणे तालुक्यातील एका गावातील ४१ वर्षीय अंगणवाडी सेविका, नवरा बोटीवर, थोरली मुलगी गोवा मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला.' नाव नाही, गाव नाही, तरी त्या भागातला कुणीही दोन मिनिटांत तिच्या दारात उभा राहील. यात गोपनीयता मोडली, तीही आपण ती पाळतोय अशा समजुतीत. 'उत्तर गोव्यातील, चाळिशीतील, मानधनावर काम करणारी. नवरा नोकरीनिमित्त वर्षाचे बरेच महिने बाहेर' एवढ्यावर भागतं. मुलीचं शिक्षण विषयाला धरून नसेल तर गाळावं.

हा घोटाळा नवखेच करतात असं नाही. आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावाला 'स्प्रिंगडेल' असं खोटं नाव देऊन १९५८ साली अभ्यास छापला. माणसांनाही खोटी नावं दिली. गावकऱ्यांनी स्वतःला आणि एकमेकांना बरोबर ओळखलं. पुढे चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत ते मुखवटे घालून, अभ्यासातली आपापली खोटी नावं लावून निघाले, आणि शेवटी शेणखताच्या गाडीवर लेखकाचा पुतळा! आपल्याकडे शिगम्याच्या चित्ररथात असं काही निघालं नाही, हे नशीब.

मग निनावीच बरं, असं वाटेल. नेहमी नाही. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली मुलं फार वापरतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. सर्व्हे निनावी असेल आणि कुणी तिथे 'जवळजवळ रोज' वर खूण केली, तर तुम्ही काय कराल? काहीच करू शकत नाही. माणूस कोण तेच माहीत नाही. म्हणून एकतर हा प्रश्न नसलेली पीएचक्यू-८ घ्यावी, नाहीतर सर्व्हे गोपनीय ठेवून, अशा उत्तरानंतर कोण, कधी संपर्क करणार ते गाईडशी आधी ठरवावं आणि संमतिपत्रात सांगावं. दोन्ही वेळा शेवटच्या पानावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचा उल्लेख असावा.

माघारीचंही तसंच. 'कधीही माघार घेऊ शकता' हे वाक्य निनावी फॉर्मवर अर्धवट खरं असतं. सबमिट दाबल्यावर कुणाचं उत्तर काढायचं ते कळायला मार्ग नाही. तिथे 'पाठवण्यापूर्वी कधीही' असं लिहावं. एकाच माणसाची आधीची आणि नंतरची चाचणी जुळवायची असेल, तर त्यालाच कोड बनवायला लावावं: आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं, जन्माची तारीख, मोबाइलचे शेवटचे दोन आकडे. नावाशिवाय जोडी जुळते. मात्र छोट्या वर्गात असा कोडही ओळखू येऊ शकतो, तेव्हा जोड्या लागल्या की तो रकाना पुसावा.

गोपनीयतेलाही कुंपण आहे. अठराच्या आतल्या मुलांशी बोलताना लैंगिक अत्याचाराची माहिती कळली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना द्यावीच लागते. 'कुणालाही, कधीही सांगणार नाही' असं कबूल करून बसलात तर मोडणं भाग. ही मर्यादा मुलाला आणि पालकांना आधीच सांगायची असते. पहिल्या वर्षाच्या वर्गात सतरा वर्षांची मुलं असतात, हे विसरू नये.

शेवटी बाइंडिंगचा मुद्दा. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात या प्रबंधाला १२ क्रेडिट आहेत, त्यामुळे परिशिष्ट जाड दिसावं असं मुलांना वाटतं आणि सह्या केलेली संमतिपत्रं मागे जोडली जातात. प्रत ग्रंथालयात जाते आणि 'सहभागी ४' ची सही कुणालाही पाहायला मिळते. परिशिष्टात कोरा नमुनाच लावायचा. सह्यांचा गठ्ठा गाईडच्या कपाटात कुलपात, आणि नाव-कोडची यादी त्याच कपाटात ठेवू नका.