‘पायऱ्या’ नावाचे दोन फोल्डर

मागच्या महिन्यात मावसभावाने २०१५ च्या सिंहस्थातले फोटो आणून दिले, ते त्याच्या जुन्या मॅकवरचे, माझे स्वतःचे लिनक्सवर होतेच, आणि दोन्ही एकत्र केले तर एकाच जागी ‘पायऱ्या’ नावाचे दोन फोल्डर दिसायला लागले. रामकुंडाच्या पायऱ्यांचे फोटो म्हणून दोघांनीही तेच नाव दिलेलं. अक्षर न् अक्षर सारखं. आता एका फोल्डरमधे एकाच नावाच्या दोन गोष्टी राहू शकत नाहीत हे आपण कॉम्प्युटर शिकायला लागल्यापासून ऐकतो, मग हे कसं?

मी रोज रात्री जेवणं झाली की एका छोट्या प्रोग्रामिंग लँग्वेजचं रनटाइम लिहितो, म्हणजे प्रोग्राम चालताना त्याच्यासाठी मेमरी सांभाळणारा, फाइली उघडून देणारा खालचा भाग. त्यातलं फाइल पाथचं काम मला वाटलं होतं दोन दिवसांचं. पाथ म्हणजे काय, फाइलचा पत्ता, मधे स्लॅश टाकलेली एक ओळ, ती जोडायची, तोडायची, शेवटचं नाव काढून द्यायचं, झालं. पण पत्ता नुसता वाचून कळत नाही. ‘नाशिक, पंचवटी, अमुक गल्ली’ हा कुठूनही लागू पडतो, पण ‘इथून मागच्या गल्लीत’ हा सांगणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतो. पाथचंही तसंच, स्लॅशने सुरू झाला तर मुळापासून, नाहीतर प्रोग्राम ज्या फोल्डरमधे उभा आहे तिथून.

साधं जोडण्याचं फंक्शन घ्या. ‘/घर’ ला ‘/फोटो’ जोडलं तर काय यावं? प्रोग्राम लिहायच्या वेगवेगळ्या साधनांचं इथे एकमत नाही. पायथनचं जुनं जोड-फंक्शन म्हणतं ‘/फोटो’, कारण दुसरा पत्ता मुळापासूनचा आहे म्हणजे पहिला रद्द, रस्टही तेच म्हणतं. नोड आणि गो म्हणतात ‘/घर/फोटो’. दोन्हीमागे विचार आहे, पण एकातून दुसऱ्यात कोड नेणारा माणूस इथे हमखास अडकतो. आणि ‘घर/फोटो/’ असा शेवटी स्लॅश असेल तर शेवटचं नाव कोणतं? युनिक्सची, म्हणजे लिनक्स ज्या जुन्या सिस्टिमवर बेतलंय तिची, कमांड ‘फोटो’ सांगते आणि पायथन रिकामी स्ट्रिंग देतं, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर.

विंडोजचा उलटा स्लॅश कुठून आला हेही कळलं की मग राग येत नाही. १९८३ मधे विंडोजच्या आधीच्या एमएस-डॉस २.० मधे फोल्डर आले तेव्हा साधा स्लॅश आधीच कमांडचे ऑप्शन द्यायला वापरात होता, म्हणून बॅकस्लॅश घेतला. त्याच्याही आधीच्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधे तर ‘>’ हे चिन्ह होतं. विंडोजवर आजही ‘सी:’ नंतर स्लॅश नसेल तर अर्थ बदलतो, सी ड्राइव्हचं मूळ नाही तर सी ड्राइव्हवर तुम्ही सध्या जिथे आहात ती जागा.

पण खरी गंमत डॉट-डॉटची, म्हणजे ‘एक पायरी वर’. आपल्या जुन्या गावठाणातला एखादा वाडा डोळ्यासमोर आणा, पुढचं दार एका गल्लीत आणि मागचं दुसऱ्याच गल्लीत. तुम्ही मागच्या दाराने आत आलात आणि कुणी म्हणालं ‘बाहेर गल्लीत जा’, तर कुठल्या गल्लीत? फाइल सिस्टिममधलं हे मागचं दार म्हणजे सिमलिंक, दुसरीकडच्या खऱ्या फोल्डरकडे नेणारं नुसतं नाव. समजा ‘/घर/फोटो/सिंहस्थ’ हा सिमलिंक आहे आणि खरा फोल्डर आहे ‘/बॅकअप/२०१५/सिंहस्थ’. आता ‘/घर/फोटो/सिंहस्थ/../यादी’ म्हणजे कुठली यादी? नुसती अक्षरं बघून ‘सिंहस्थ’ आणि ‘..’ एकमेकांना खोडले तर ‘/घर/फोटो/यादी’. पण कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, विचाराल तर तो खऱ्या फोल्डरच्या वर जातो, ‘/बॅकअप/२०१५/यादी’. दोन वेगळ्या फाइली! बॅश शेलमधे, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, हे स्वतः करून बघा, सिमलिंकमधून आत जा, ‘सीडी ..’ केलं की आल्या वाटेने बाहेर पडता, आणि त्याऐवजी तिथूनच ‘एलएस ..’ केलं तर खऱ्या फोल्डरच्या वरच्या जागेतल्या फाइली दिसतात. पायथनचं पाथलिब हे पाथ हाताळायचं साधन, जे २०१४ मधे ३.४ बरोबर आलं, ते याच कारणाने डॉट-डॉट परस्पर खोडत नाही, त्याच लँग्वेजमधलं जुनं फंक्शन मात्र खोडतं. रॉब पाइक या प्रोग्रामरने प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या डॉट-डॉटवर २००० साली अख्खा पेपर लिहिला, तिथे फाइल कुठल्या नावाने उघडली ते कर्नलच लक्षात ठेवतो.

हे नीट केलं नाही तर धोका खरा आहे. सर्व्हरने एकच फोल्डर लोकांना उघडा ठेवलाय आणि कुणी पाथमधे डॉट-डॉट पेरून बाहेर पोचला, असे हल्ले अजून होतात. म्हणून मी दोन फंक्शनं मुद्दाम वेगळी ठेवली, एक फक्त अक्षरांवर चालणारं आणि एक डिस्कला विचारून खरी जागा सांगणारं, आणि परवानगीची तपासणी दुसऱ्याच्या उत्तरावरच करायची.

आता पायऱ्या. लिनक्सच्या दृष्टीने फाइलचं नाव म्हणजे अक्षरं नाहीतच, नुसते बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे, त्यात फक्त स्लॅश आणि शून्याचा बाइट चालत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमधे साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, काना वेलांटी सगळं धरून, म्हणजे नावाची २५५ बाइटची मर्यादा आपल्याला ८५ चिन्हांतच संपते. आणि आपला ‘ऱ’ युनिकोडमधे, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणाऱ्या यादीत, दोन प्रकारे लिहिता येतो, एकतर सबंध एक चिन्ह, नाहीतर साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. माझं ‘पायऱ्या’ ७ चिन्हांचं, २१ बाइट, आणि भावाचं ८ चिन्हांचं, २४ बाइट, कारण जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नाव साठवतानाच अशी अक्षरं फोडून ठेवायची. लिनक्सला २१ आणि २४ ही सरळ दोन वेगळी नावं.

रनटाइमने मग काय करावं? मला आधी मोह झाला की नाव आत येतानाच एकसारखं करून टाकावं, पण तसं केलं तर भावाचा फोल्डर यादीत दिसेल आणि उघडायला गेलं की त्याच्याऐवजी माझाच उघडेल, आणि माझा तिथे नसेल तर ‘सापडला नाही’ येईल, कारण डिस्कवर त्याच्या नावाचे २४ बाइटच आहेत. पायथननेसुद्धा २००९ मधे ३.१ पासून न वाचता येणारे बाइट जसेच्या तसे परत देता येतील अशी सोय केली, आणि रस्टने तर अशा नावांसाठी स्ट्रिंगपेक्षा वेगळा प्रकारच ठेवलाय. मीही तेच केलं, डिस्कवरून आलेलं नाव हात न लावता तसंच ठेवायचं, आणि ‘ही दोन नावं माणसाला सारखी दिसतात का’ हे विचारायला वेगळं फंक्शन.

त्याची पहिली चाचणी म्हणून हेच दोन फोल्डर दिले, उत्तर आलं ‘हो, सारखी दिसतात’, मग भावाला फोन करून विचारलं आणि त्याचे फोटो २१ बाइटवाल्यात हलवले.