मुष्टिफंड ते पेमेंट सीट

१८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या इंग्रज सरकारच्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी रोखठोक हिशेब मांडला: सरकारच्या तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्याच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. महाराष्ट्रातला फीचा वाद या हिशेबापासून सुरू होतो.

हा हिशेब फिरवायला भाऊराव पाटील निघाले. १९१९ मध्ये काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत. त्यांच्या जेवणापायी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रही गेलं. घरोघरच्या बायका मूठभर धान्य बाजूला काढत. त्याचंच नाव मुष्टिफंड. १९४७ मध्ये साताऱ्यात कॉलेज निघालं. तिकडे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद कॉलेज उभं केलं. पुढे ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठीची फी-सवलत आली, आणि घरातलं पहिलंच पोर कॉलेजची पायरी चढू लागलं.

पण इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्याच होत्या. ऐपतीची मुलं देणगी भरून कर्नाटकात जात. आपला पैसा बाहेर कशाला, असं म्हणत १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी करून दिली. गंमत अशी, की दारावरची पाटी तीच राहिली: अमुक शिक्षण प्रसारक मंडळ, धर्मादाय विश्वस्त संस्था. साखर कारखाना, बँक आणि मतदारसंघ हाताशी असलेल्यांनी कॉलेजं काढली, आणि मराठीला 'शिक्षणसम्राट' हा शब्द मिळाला. त्यात अर्धा उपहास होता, अर्धा धाक. तालुक्याच्या पोरांना घराजवळ पदवी मिळाली, हेही नाकारता येत नाही.

देणगीबंदीचा कायदा १९८७ चा. १९९३ च्या सुप्रीम कोर्टाच्या उन्नीकृष्णन निकालाने जागांची कमी फीची फ्री सीट आणि जास्त फीची पेमेंट सीट अशी वाटणी केली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात त्याच कोर्टाने ती मोडली. इनामदार खटला (२००५) तर महाराष्ट्रातूनच गेलेला. तेव्हापासून फी ठरवण्याचा हक्क संस्थेचा आणि नफेखोरीवर लक्ष ठेवणं सरकारी यंत्रणेचं, अशी तडजोड चालू आहे.

विद्यार्थ्यांचा आवाज मात्र वेगळ्याच दाराने गेला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या खुल्या निवडणुका बंद करून गुणवत्तेवर नेमणुका आणल्या. २०१६ च्या कायद्यात निवडणुका परतल्या, त्या कागदावर.

२०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकार भरतं. म्हणजे तिजोरीतला पैसा पुन्हा कॉलेजकडेच जातो. वर्गात शिकवणारा मात्र बरेचदा तासिका तत्त्वावरचा, म्हणजे घेतलेल्या तासांपुरताच पैसा मिळणारा असतो.