इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचे दोषनिदान

पेट्रोल इंजिनात हवा सोडणारी झडप केबलने न ओढता छोट्या विजेच्या मोटरने उघडली जाते, तेव्हा त्या रचनेला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल म्हणतात. ती बिघडली की दोष पायाखालच्या पॅडलमध्ये आहे, झडपेत आहे की मधल्या वायरिंगमध्ये, हे शोधणे म्हणजे तिचे दोषनिदान. वर्धा-यवतमाळकडचा गाडीवाला तक्रार एका वाक्यात सांगतो : ‘भाऊ, गाडी रेस घेऊन नाही राहिली.’ पॅडल तळाला टेकवले तरी इंजिन जागचे हलत नाही आणि मीटरमध्ये पिवळा दिवा पेटलेला असतो. चाबी बंद करून पुन्हा मारली की कित्येकदा गाडी काही झालेच नाही अशी चालू लागते. निदान अवघड होते ते यामुळेच.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूने बारा सिलिंडरच्या मोटारीत ही रचना वापरली. आपल्याकडे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी ती साध्या मोटारीतही आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर तर नव्या मोटारीत रेसची केबल शोधूनही सापडत नाही.

पॅडलच्या बुडाशी दोन सेन्सर असतात, झडपेच्या दांड्यावर आणखी दोन. प्रत्येक जोडी एकच गोष्ट दोन वेगळ्या व्होल्टेजांत सांगते. बऱ्याच गाड्यांत पॅडलचा दुसरा सेन्सर पहिल्याच्या निम्मे व्होल्टेज देतो. झडपेवर मात्र एकाचे वाढते तसे दुसऱ्याचे उतरते आणि दोन्हींची बेरीज ५ व्होल्टच्या आसपास राहते. कंट्रोल युनिट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘इसीएम’, हा हिशोब सतत पडताळते. हिशोब चुकला की ते मोटरचा पुरवठा तोडते. मग स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या जागी आणून ठेवते आणि गाडी रांगत का होईना, घरापर्यंत पोहोचते. मालकाला हा छळ वाटतो, पण झडप उघडी अडकून गाडी सुसाट सुटण्यापेक्षा हे बरे.

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड, म्हणजे दोषाचा ठरलेला क्रमांक, दिसतो. पी २१३५ बहुधा झडपेच्या दोन सेन्सरांत मेळ नसल्याचा, पी २१३८ पॅडलच्या सेन्सरांत मेळ नसल्याचा. पी २१११ म्हणजे झडप उघडी अडकली, पी २११२ म्हणजे बंद अडकली. इथेच सगळ्यात महागडी चूक होते. पी २१३५ दिसला की सरळ नवी थ्रॉटल बॉडी, म्हणजे झडप, मोटर आणि सेन्सर असलेला अख्खा भाग, मागवली जाते, ती नागपूरहून किंवा अमरावतीहून येईपर्यंत गाडी उभी राहते आणि बसवल्यावर तोच कोड पुन्हा हजर होतो. कोड सर्किटचे नाव सांगतो. त्या सर्किटात सेन्सर आहे तसे कपलर (तारा जोडणारा प्लग), तारा आणि अर्थिंगही आहे.

म्हणून आधी बॅटरी. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ हवेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा बॅटरी नुसती अंदाजाने ‘ठीक आहे’ म्हणून सोडू नये. मग कपलर काढून, चाबी चालू ठेवून मल्टिमीटरने ५ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग पाहावे. ५ व्होल्टच आले नाहीत, तर दोष भलत्याच सेन्सरचाही असू शकतो, कारण एकाच पुरवठ्यावर अनेक सेन्सर असतात. ते एकेक करून काढायचे. ज्याचा कपलर निघताच ५ व्होल्ट परत येतात, त्याच्याकडे किंवा त्याच्या तारेकडे बोट जाते.

खेड्यात मात्र पहिला संशयित उंदीर. दसऱ्यानंतर कापूस घरात येतो, शेजारच्या खोलीत कुटार (जनावरांसाठीचा भुसा) भरलेले असते आणि गाडी त्याच भिंतीला लागून उभी राहते. गरम इंजिनाची ऊब आणि कापसाचा बोळा, उंदराला आणखी काय हवे? तो तार बहुधा पूर्ण तोडत नाही. वरचे प्लास्टिक सोलतो, तांब्याचे दोन-तीन धागे तेवढे जोडलेले राहतात. गॅरेजच्या सपाट फरशीवर सगळे आकडे बरोबर येतात, पांदण रस्त्यावर पहिला दणका बसला की गाडी पुन्हा रांगते. अशा वेळी एकाने स्कॅनरवर दोन्ही सेन्सरांचे आकडे बघत बसावे आणि दुसऱ्याने वायरिंगची दोरी इंजिनपासून बॅटरीपर्यंत वीतभर-वीतभर हलवत जावी. आकडा जिथे उडी मारतो, तिथली टेप सोलायची. बऱ्याचदा आत हिरवट पडलेले तांबे दिसते. नुसते पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला जोड पावसाळा काढत नाही. तिथे झाळच द्यावी.

इथल्या डिझेल जीपगाड्यांत हिशोब थोडा वेगळा. तिथे पॅडल हवा नव्हे, डिझेल मागते. हवेची झडप असली तरी बहुतेक वेळ उघडीच असते. त्यामुळे डिझेल गाडीने रेस सोडली तर झडपेआधी पॅडलचा सेन्सर आणि ब्रेक लाइटचा स्विच तपासावा. ब्रेक दाबलेला आहे असे इसीएमला वाटले, तर अनेक गाड्यांत रेस कापली जाते.

तारा निर्दोष निघाल्या तरच झडपेकडे यावे. कडेला जमलेला काळा कार्बन पुसायचा तो सफाईचा स्प्रे फडक्यावर मारून; स्प्रे दांड्याच्या बेअरिंगमध्ये सोडायचा नाही. चाबी चालू असताना झडप बोटाने ढकलू नये : आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात, आणि मोटरने अचानक झडप मिटली तर बोटही सापडते. साफ केल्यावर स्कॅनरने झडपेची मूळ जागा इसीएमला पुन्हा शिकवावी लागते. ते राहिले तर इसीएम जुना कार्बन हिशोबात धरूनच झडप जास्त उघडी ठेवते, आयडलिंग (पॅडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) चढते आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ‘आता तर रेस आपोआपच घेऊन राहिली’ म्हणत परत येते.