सोळा प्रकारांची टेस्ट खरंच स्वभाव सांगते का?

मेसेज फिरतो की MBTI सारखी स्वभावाची टेस्ट द्या, १६ पैकी तुमचा स्वभावप्रकार कळेल आणि तो जन्मभर बदलत नाही. तसं नसतं हो. बहुतेक माणसं धड अबोल नसतात, धड बोलकीही नसतात, मधेच कुठेतरी असतात, पण टेस्ट मधोमध रेघ मारते, म्हणजे शंभरपैकी ५१ वाला बोलका नि ४९ वाला अबोल, मग महिन्याने दोन उत्तरं बदलली की प्रकारच बदलतो. आणि वर्णन इतकं जुळतं कसं? १९४८ मध्ये एका वर्गात टेस्ट घेऊन 'हे तुमचंच' म्हणून सगळ्यांना गुपचूप एकच वर्णन दिलं होतं, त्यांनी ते किती जुळतं याला सरासरी पाचपैकी चारच्या वर मार्क दिले! बघायचंय? मित्राला भलत्याच प्रकारचं वर्णन नाव झाकून वाचायला द्या. गप्पांसाठी टेस्ट छानच आहे, पण त्यावरून कुणाची नोकरी किंवा लग्न ठरवू नका, प्लीज.